विलास टूलरूम ऑनलाइन आहे

आमच्या घरातली वेळ घड्याळावर नव्हे, कंपनीच्या बसवर चालत असे. बाबा चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. म्हणजे ज्या साच्यांत पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढतात, ते साचे दुरुस्त करणाऱ्या विभागात. त्यांची बस कोपऱ्यावर थांबली की आमची संध्याकाळ सुरू होई. कासारवाडीतील आमच्या दोन खोल्या रेल्वेमार्गाला इतक्या लागून होत्या की गाडी जाताना मांडणीवरची पातेली एकमेकांना हलकेच लागत, आणि बोलणारा माणूस वाक्य अर्ध्यावर ठेवून थांबे. गाडी गेली की त्याच शब्दापासून पुढे बोले. पाहुण्यांना या थांबण्याचे नवल वाटे. भांडण चालू असताना मात्र ही सोय फार उपयोगी पडे, कारण गाडी जाईपर्यंत दोघांपैकी एकाचा राग निवलेला असे. बाजाराच्या दिवशी बाबा चाकणहून कांद्याची पिशवी घेऊन येत. आई त्यातला एखादा कांदा सालीसकट गॅसवर भाजे, काळी साल काढून ठेचे, वर मीठ, तिखट आणि कच्चे तेल घाली. भाकरीबरोबर तो भाजलेला कांदा असला की बाबा दुसरी भाजी मागत नसत.

त्यांच्या कारखान्यात फोन आत नेण्यास मनाई होती. सकाळी तो गेटवर जमा करायचा, पत्र्याचे टोकन घ्यायचे आणि सुटल्यावर टोकन देऊन फोन सोडवायचा. त्यामुळे परतीच्या बसमध्ये शिरलेली ही मोठमोठी माणसे, मधली सुट्टी झालेल्या वर्गासारखी, एकदम आपापल्या फोनवर तुटून पडत. त्यांच्यात एक खेळ लागला होता. चौघांची तुकडी करून एका बेटावर उतरायचे, हत्यारे गोळा करायची, शेवटपर्यंत टिकायचे. बाबांना तो खेळ दिगंबरकाकांनी शिकवला. काका लातूरकडचे, बाबांच्याच विभागातले, आणि बसमध्ये त्यांचे शेजारी. खाते उघडताना खेळाने नाव विचारले, तेव्हा बाकीच्यांनी किंग, डेव्हिल, टायगर अशी नावे घेतली. बाबांनी कोणत्याही अर्जावर लिहितात तसे नाव आणि विभाग लिहिला : विलास टूलरूम. हसू झाले, तरी त्यांनी ते बदलले नाही. “नाव विचारलं, सांगितलं. त्यात खोटं कशाला?” असे ते म्हणाले.

मी तेव्हा नववीत होते. आईच्या फोनवर मीही खाते उघडले आणि बस सुटण्याच्या सुमारास बाबांच्या तुकडीत जाऊन बसू लागले. बाबा अत्यंत वाईट खेळत. बेटावर उतरताच ते उंच गवतात लपत आणि कुणी जखमी झाले तरच त्याला मलमपट्टी करायला बाहेर येत. खेळात बोलण्याची सोय होती. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात बसच्या इंजिनाची घरघर आणि काकांचा आवाज घुमे : “काय करायलाव विलासभाऊ? गवत कापायलाव का?” बाबा म्हणत, “तू पुढं हो रे, मी पाठ सांभाळतो.” त्यावर कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडे, “पाठ नाय राव, पोट सांभाळतायत!” आई भाकरी थापता थापता हसे आणि मला म्हणे, “सांग त्यांना, गवतातनं येताना कोथिंबीर आणा म्हणावं.”

खेळात लिहून बोलण्याचीही एक खिडकी होती. वस्तुतः साधा निरोप पाठवणे त्यांना शक्य होते. पण खेळ उघडलेलाच असे आणि त्यांना तेथे लिहिणे सोपे वाटे. ते वाटेतले थांबे लिहीत : मोशी आली. पुढे लिहीत : भोसरी, गर्दी आहे. मग नाशिक फाटा, आणि तेथून आईसाठी चहाचा निरोप. कधी अधूनमधून दुसरे काही असे. प्रयोगवही दाखवलीस का. आज साचा बसला एकदाचा. रागावलो सकाळी, जाऊ दे. समोरासमोर बाबा कधीही ‘जाऊ दे’ म्हणत नसत. घरात ते कमी बोलणारे, दमलेले आणि काहीसे कडक गृहस्थ होते. बसमधले बाबा निराळे होते, आणि ते मला केवळ त्या खिडकीत भेटत. अशी भेट दोन वर्षांहून अधिक काळ चालली. सर्व लेखन तेथेच साठत गेले आणि मी ते दुसरीकडे कोठेही उतरवून घेतले नाही. जे रोज येते ते कोण उतरवून घेतो?

बाबा गेले ते कारखान्यातूनच. जेवणाच्या सुट्टीत छातीत दुखू लागले, सहकाऱ्यांनी त्वरेने रुग्णालयात नेले, परंतु उपयोग झाला नाही. दिगंबरकाका त्यांचा डबा आणि गेटवरून सोडवलेला फोन घेऊन आले. डबा धुतलेला होता. काकांनी तो कुठे आणि कसा धुतला हे मी विचारले नाही. याहून अधिक त्या दिवसाविषयी मला लिहिता येणार नाही.

त्यानंतरच्या महिन्यांत आईचे एक नवीन रूप मी पाहिले. तोवर तिने बँकेत एकटीने पाऊल ठेवले नव्हते. आता गॅसजोडणी, विजेचे मीटर, शिधापत्रिका, भविष्यनिर्वाह निधी, बँकेचे खाते, बाबांचे सिमकार्ड, या प्रत्येक गोष्टीसाठी तिला खिडक्यांपुढे उभे राहावे लागले. प्रत्येक ठिकाणी एकच विचारणा होई : मालक कोण? वारस कोण? पुरावा काय? ती प्रत्येक वेळी मृत्यूचा दाखला, आधारकार्ड आणि अर्ज पुढे करी. अर्जाची भाषा तिला तोंडपाठ झाली होती : वरील खातेदार माझे पती असून ते मयत झाले आहेत, तरी सदर खाते वारसाच्या नावे करावे, ही विनंती. सुरुवातीला ‘मयत’ हा शब्द लिहिताना तिचा हात थांबे. पुढे थांबेनासा झाला, आणि ते पाहून मला अधिक वाईट वाटे. बाबांचा फोन मात्र ती रोज संध्याकाळी नेमाने चार्ज करून ठेवी, कारण बँकांचे आणि कचेऱ्यांचे संदेश त्यावरच येत.

मी त्याच सुमारास रोज आईच्या फोनवर खेळ उघडत असे. खेळत नसे. मित्रयादीत ‘विलास टूलरूम’ हे नाव राखाडी अक्षरांत असे. त्यावर बोट ठेवले की जुनी खिडकी उघडे. मी ती वर सरकवत दूर मागे जाई आणि एक-एक ओळ वाचत खाली येई. आई भाकरी थापताना माझ्याकडे बघे. तिला सर्व ठाऊक होते.

आता मी शिक्षिका आहे; शिकवण्याची सवय जडलेली असल्याने येथे थोडे थांबून सांगते. जिला फिशिंग, म्हणजे मासे गळाला लावल्यासारखी फसवणूक म्हणतात, तिचे स्वरूप सोपे असते. खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या नावाने एक संदेश येतो. त्यात भीती असते किंवा आमिष असते, आणि घाई तर असतेच. सोबतच्या दुव्यावर बोट ठेवले की खऱ्यासारखे दिसणारे पान उघडते; त्याच्या पत्त्यात एखादे अक्षर कमी-जास्त असते, पण पत्ता वाचतो कोण? तेथे आपण परवलीचा शब्द लिहितो, फोनवर आलेला आकडी संकेत, म्हणजे ओटीपी, तोही लिहितो, आणि पलीकडे बसलेला माणूस त्याच क्षणी ते दोन्ही खऱ्या ठिकाणी वापरून आत शिरतो. मी आज माझ्या वर्गात सांगते की तो आकडी संकेत म्हणजे दाराची आतली कडी. ती बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून काढायची नसते. मुले माना डोलावतात. अशा फसवणुकीला लोभी माणसे बळी पडतात, असे त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. मी पाहिले ते निराळे होते.

बाबांच्या फोनवर एके दुपारी संदेश आला : आपले खाते बराच काळ वापरात नाही, मालकी निश्चित करा, अन्यथा खाते उद्या कायमचे नष्ट होईल. हा संदेश कुणा शाळकरी मुलाला मिळाला असता तर कदाचित त्याने तो पुसून टाकला असता. पण ‘मालकी’ हा शब्द वाचल्यावर आईला तो आणखी एका कचेरीचा संदेश वाटला. इतके महिने तिने जे केले, तेच तिने अधिक तत्परतेने केले. बाबा सगळीकडे एकच परवलीचा शब्द वापरत, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कामात तो तिला सापडला होता. तिने तो लिहिला. संकेत आला, तोही लिहिला. नंतर त्या पानावर मदतीसाठी म्हणून एक चौकट उघडली, तेव्हा तिने बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याचे छायाचित्र पाठवले आणि खाली सविस्तर अर्ज केला की, सदर खाते माझी मुलगी मीनल हिच्या नावे करावे, ही विनंती. पलीकडून उत्तर आले : ओके मॅडम.

संध्याकाळी मी खेळ उघडला आणि ‘विलास टूलरूम’ हे नाव हिरवे दिसले. खाली लिहिले होते : ऑनलाइन आहे.

मनुष्य किती शहाणा असतो आणि किती नसतो, हे मला त्या क्षणी समजले. बाबा नाहीत हे मला पूर्ण ठाऊक होते. तरी माझ्या बोटांनी लिहिले : बाबा? काही क्षणांनी उत्तर आले, हिंदीत : कौन? त्यामागोमाग दुसरे : हीरे हैं क्या, भेज. हिरे म्हणजे त्या खेळातले चलन. माझ्या तोंडून बहुधा काही आवाज निघाला असावा, कारण आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेले हसू होते.

“झालं ना तुझ्या नावावर? मी म्हटलं सांगायचंच नाही, आपोआप कळू दे तुला.”

“आई, काय केलंस?”

“ह्यांचं खातं गं. बंद होणार होतं उद्या. सगळी कागदं दिली मी.”

मी तिला काही सांगण्यापूर्वीच यादीतले नाव नाहीसे झाले. मित्रयादीतून कुणी आपल्याला वगळले की दोन्हीकडचे संभाषण पुसले जाते, असा त्या खेळाचा नियम होता. मोशी, भोसरी, नाशिक फाटा, प्रयोगवही, सारेच गेले. आई माझ्याकडे आणि फोनकडे आळीपाळीने पाहत होती, आणि तिचे हसू सावकाश उतरत होते. तेवढ्यात गाडी आली. पातेली वाजू लागली. आम्ही दोघी सवयीने थांबलो, आणि गाडी गेल्यावर पुढे काय बोलायचे होते हे दोघींनाही सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरून दिगंबरकाका थेट आमच्याकडे आले. ते दारातच उभे राहिले. “वैनी, कसं सांगू तुमाला. विलासभाऊचं नाव हिरवं झालं की हो बसमधी! माझ्या हातातून फोनच पडला. आन् वरून मला म्हंतंय, ओटीपी आलाय तो सांग.” त्यांनी सांगितला नव्हता. मी घडलेले समजावून दिले. आई भिंतीकडे तोंड करून सुपात तांदूळ निवडत होती. निवडलेलेच ती पुन्हा निवडत होती. काका उंबऱ्यावरच टेकले आणि म्हणाले, “वैनी, तुमचं काही चुकलं नाही. कागद मागितला की द्यायचा, हेच तर शिकवलंय आपल्याला सगळ्यांनी.”

मी आणि काकांनी मिळून खेळाच्या खऱ्या मदतकेंद्राला लिहून केवळ नियम विचारले. तेथून आलेले उत्तर मी आज मुलांना उदाहरण म्हणून सांगते, कारण ते स्वच्छ आणि निर्दय होते. खातेदाराने स्वतः ओळख पटवल्यास खाते चोरीपूर्वीच्या स्थितीत, मित्रयादी आणि संभाषणांसह, परत आणता येईल. त्याला काही आठवडे लागतील आणि निर्णय होईतो खाते चालू राहील. खातेदार हयात नसल्यास खाते दुसऱ्या कुणालाही देता येत नाही. तसे कळवल्यास ते तत्काळ आणि कायमचे बंद केले जाईल.

“सोपं हाय मग,” काका म्हणाले. “मीनल, तू लिही, मीच विलास. त्यांचा ईमेल हाय, फोन हाय. कोण बघायला येतंय?”

माझी तयारी होती. मला त्या ओळी परत हव्या होत्या. त्यांच्यासाठी मी कोणतेही खोटे लिहिले असते, आणि त्याबद्दल मला आजही संकोच वाटत नाही. मी लिहायला बसणार, इतक्यात काकांनी खालच्या मानेने आणखी एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या पाळीत, दुसऱ्याच विभागात, एक कंत्राटी पोरगा होता. पूर्वी तो बाबांच्या हाताखाली काम शिकलेला होता. बाबा गेल्याचे त्याला समजलेच नव्हते. ‘विलास टूलरूम’ने संकेत मागितला, त्याने दिला, त्याचेही खाते गेले. “काय म्हणला माहिताय? म्हणला, विलासकाकांनी मागितल्यावर नाही कसं म्हणायचं.”

आईच्या हातातले सूप थांबले.

“अजून कुणाकुणाला मागत असेल?” तिने विचारले.

“यादीत सगळी आपलीच माणसं हायत, वैनी. बसमधली. एकेकाला कुठवर सांगत फिरणार?”

आई उठून माझ्याजवळ बसली. ती सहसा अशी येऊन बसत नसे. “मिनू,” ती म्हणाली, “ह्यांनी उभ्या आयुष्यात कुणाकडं हात पसरला नाही गं. आणि आता रोज बसमध्ये एकेकाकडं...” पदराला हात पुसून ती म्हणाली, “पण त्यात तुझं काय होतं ते मला माहीत आहे. माझ्यामुळं गेलंय ते. मी तुला बंद कर म्हणणार नाही. तू म्हणशील ते.”

मी गच्चीवर गेले. खाली रुळांवर एक मालगाडी उभी होती, तिचे डबे संपता संपत नव्हते. मी रडले नाही. विचार करत होते असेही म्हणवत नाही. काही आठवडे थांबले तर बसमधले बाबा मला परत मिळणार होते. आणि त्या आठवड्यांत, रोज कारखाना सुटल्यावर, एक अनोळखी माणूस बाबांचे नाव लावून त्यांच्याच सोबत्यांच्या शेजारी जाऊन बसणार होता. ज्यांनी त्यांना ओळखले होते त्यांनाच ते नाव भोवणार होते. मी खाली आले, एवढेच मला आठवते, आणि काकांच्या हातून बाबांचा फोन घेतला.

मदतकेंद्राला इंग्रजीत लिहावे लागे. आईला इंग्रजी लिहिता येत नसे. तोवरचे सर्व अर्ज तिने लिहिले होते; बाबांच्या मृत्यूचे एकही वाक्य माझ्या हातून कोठेही लिहिले गेले नव्हते. मी लिहिले की, हे खाते माझ्या वडिलांचे आहे, ते वारले आहेत, कृपया बंद करावे. शाळेत शिकवल्याप्रमाणे मी ते एकवार वाचून पाहिले. त्यात कोठेही चूक नव्हती. आईने मृत्यूचा दाखला आणून दिला आणि छायाचित्र नीट यावे म्हणून त्याच्या कडा दोन्ही हातांनी दाबून धरल्या.

उत्तर लवकर आले. काकांनी आपल्या फोनवर यादी उघडून पाहिली. “गेलं,” ते म्हणाले, आणि उठून चपला घालताना बराच वेळ वाकून राहिले.

त्यांच्यामागे दार लोटून आईने गॅस पेटवला, पण वर काहीच ठेवले नाही. थोड्या वेळाने बंद केला. मग ती माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “काय काय लिहायचे गं ते तुला? मी कधी वाचलं नाही. म्हटलं, तुमचं दोघांचं आहे.”

मी सांगू लागले. मोशी आली, म्हणून लिहायचे. भोसरीला गर्दी आहे, म्हणून लिहायचे. सकाळी रागावले तर संध्याकाळी जाऊ दे म्हणायचे. तिला यातले शेवटचे खरे वाटले नाही. तिने मला ते दोनदा सांगायला लावले. “अजून?” ती विचारी. मी प्रयोगवहीचे सांगितले, साच्याचे सांगितले. “अजून?” एकदा बाबा बसमध्ये झोप लागून पुढे दापोडीपर्यंत गेले होते, ते सांगितले. “अजून?” जे मी इतक्या वेळा वाचले होते ते असे मुठीत मावेल एवढेच निघावे, याची मला भीती वाटू लागली. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. मग मी म्हणाले, एकदा त्यांनी लिहिले होते की आईच्या हातच्या भाजलेल्या कांद्याची आठवण झाली. एकदा लिहिले होते की आई दमते, तिला मदत करत जा. एकदा लिहिले होते की आई मोठ्या धीराची आहे, ती सगळे निभावून नेईल. यातले काहीही बाबांनी लिहिलेले नव्हते. आईला ते कळले असावे, कारण बाबांची भाषा तिच्याइतकी कुणाला ठाऊक होती? परंतु तिने मला थांबवले नाही. “अजून?” ती म्हणाली, आणि मी सांगत राहिले.